तृतीयांश घोड्यावरील स्वारी

ज्या सायकलच्या टायरची रुंदी सुमारे चार इंच किंवा त्याहून अधिक असते, ज्या टायरमध्ये नेहमीच्या सायकलच्या मानाने फारच कमी दाबाची हवा चालते आणि ज्या टायरकडे पाहून रस्त्याने जाणारा मनुष्य प्रथम थबकतो व नंतर किंमत विचारतो, त्या सायकलला फॅट टायर सायकल असे म्हणतात. या व्याख्येतील पहिली दोन लक्षणे यंत्रशास्त्रातील असून तिसरे समाजशास्त्रातील आहे. परंतु पुणे शहरापुरता विचार केल्यास तिसरे लक्षणच प्रधान मानावे लागते, कारण पहिली दोन ज्यांच्यासाठी योजलेली आहेत, ते बर्फ आणि ती वाळू या शहराच्या हद्दीत सहसा आढळत नाहीत, आणि बांधकामासाठी रस्त्यात ओतलेली वाळू हा अपवाद धरला तरी तिच्यावरून जाण्यासाठी कोणी मुद्दाम सायकल खरेदी करीत नाही. अशा सायकलला बॅटरी व मोटर जोडली म्हणजे जी वस्तू तयार होते, तिच्या खरेदीपूर्व परीक्षेला दुकानात आणि दुकानाबाहेरही टेस्ट राइड म्हणतात, आणि या परीक्षेत नेमके काय तपासले जाते व काय तपासायचे राहते, हा येथील विचाराचा विषय आहे.

टायर जाड का झाले, याचे उत्तर अलास्काकडे आहे. तेथे १९८७ साली इडिटाबाइक नावाची हिवाळी शर्यत सुरू झाली आणि कुत्र्यांच्या घसरगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या वाटेवरून सायकली धावू लागल्या, निदान धावण्याचा प्रयत्न करू लागल्या, कारण नेहमीचे टायर भुसभुशीत बर्फात रुतत आणि स्पर्धकाला बराचसा मार्ग सायकल ढकलत पार करावा लागे. त्यावर उपाय म्हणून तेथील खटपट्या मंडळींनी दोन रिमा शेजारी शेजारी ठेवून वेल्ड केल्या, टायर रुंद करण्याच्या नाना युक्त्या लढवल्या, आणि पुढे अमेरिकेतीलच मिनेसोटा राज्यातील सर्ली या कंपनीने २००५ साली पग्सली नावाची सायकल बाजारात आणून या घरगुती खटपटीला कारखान्याचे रूप दिले. यामागील तत्त्व सोपे आहे. टायरमधील हवेचा दाब पौंड प्रति चौरस इंच या एककात मोजतात, ज्याला दुकानदार पीएसआय म्हणतात. सायकल व स्वार मिळून १०० किलो वजन धरले आणि टायरमध्ये ६० पीएसआय हवा असली, तर दोन्ही टायर मिळून जमिनीला ढोबळमानाने २४ चौरस सेंटीमीटर जागेतच टेकतात, आणि हाच दाब १० वर आणला की ती जागा सहापट, म्हणजे टपालखात्याच्या पोस्टकार्डाहून थोडी मोठी होते, कारण वजन तेवढेच राहून दाब उतरला असता अधिक पसरून टेकण्यावाचून टायरला गत्यंतर नसते. पसरून टेकणारा टायर बर्फात व वाळूत रुतत नाही. डांबरी रस्त्यात मुळात कोणताच टायर रुतत नसल्यामुळे तेथे या गुणाचा उपयोग शून्य आहे, आणि पसरून टेकण्याची जी किंमत घर्षणाच्या रूपाने मोजावी लागते, ती मात्र पुरेपूर वसूल होते. या वसुलीची भरपाई करण्यासाठीच पुढे मोटर आली, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

वस्तुतः विजेची सायकल ही जाड टायरच्या मानाने पुष्कळच जुनी आहे. ओहायो राज्यातील ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी अशा सायकलचे पेटंट मिळाले, आणि त्यात मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे तारा ज्याला येऊन मिळतात त्या मध्यभागीच्या तुंब्यात, बसवलेली होती. आज कोथरूडच्या शोरूममध्ये अगदी ताजे तंत्रज्ञान म्हणून जी मोटर दाखवली जाते, तीही बहुधा तेथेच असते. नव्याने आला तो कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील व्याख्येनुसार, बॅटरीवर चालणाऱ्या ज्या वाहनाच्या मोटरची तीस मिनिटांची शक्ती, म्हणजे अर्धा तास सलग देता येण्याजोगी शक्ती, २५० वॅटहून कमी आणि ज्याचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी असतो, ते वाहन वजन वगैरे इतर अटी पाळत असल्यास मोटार वाहन मानले जात नाही, आणि म्हणून त्याला नोंदणी लागत नाही व त्याच्या चालकाला लायसन्स लागत नाही. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट, हे शालेय पुस्तकातील समीकरण येथे आठवावे. अमेरिकेने २००२ च्या आपल्या कायद्यात सायकलस्वाराला ७५० वॅटपर्यंत, म्हणजे एक अख्खा घोडा देऊ केला, तर युरोपने आणि भारताने हात आखडता घेऊन केवळ एक तृतीयांश घोडा मंजूर केला. घोड्याचा नेमका कोणता तृतीयांश भाग मिळतो, याचा खुलासा नियमात आढळत नाही. परंतु टेस्ट राइडच्या पहिल्या दहा सेकंदांचे निरीक्षण करता तो लाथ मारणारा भाग असावा, असे अनुमान निघते.

या अनुमानाकडे वळण्यापूर्वी ग्राहकाची ओळख करून घेणे आवश्यक आहे, कारण टायरच्या जाडीचे खरे कारण त्याच्यापाशी सापडते. पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई, आणि ज्या पिढीने शाळा व कॉलेज सायकलवर केले, ती पिढी नोकरी लागताच लूनावर, मग स्कूटरवर आणि शेवटी मोटारीत जाऊन बसली. साठीच्या आसपास ही पिढी गुडघ्यांच्या, पेट्रोलच्या किंवा डॉक्टरांच्या आग्रहाखातर सायकलकडे परत वळू पाहते, तेव्हा तिच्यापुढे आर्थिक नव्हे तर प्रतिष्ठेची अडचण उभी राहते, कारण साध्या काळ्या सायकलवरून भाजी आणणाऱ्या गृहस्थाला सोसायटीच्या फाटकाशी कोणीतरी हटकून ‘काय, गाडी विकली वाटतं?’ असे विचारतो. स्पर्धेची बारीक टायरची सायकल घेतल्यास हा प्रश्न टळतो, पण तिच्याबरोबर जे घट्ट कपडे घालावे लागतात, त्यांच्यामुळे त्याहून अवघड प्रश्न उपस्थित होतात. चार इंची टायर या पेचातून सुटका करतो. तो दुरूनच डोळ्यांत भरतो, स्वस्त असणे शक्य नाही हे दाखवून देतो, आणि त्यावर बसलेला मनुष्य पैशाअभावी सायकलवर आलेला नसून पैसे खर्चून सायकलवर आलेला आहे, ही गोष्ट त्याला स्वतःच्या तोंडाने सांगावी लागत नाही. अलास्कात जो टायर स्वाराला बर्फात बुडू देत नाही, तो पुण्यात त्याला लोकांच्या नजरेतून उतरू देत नाही, आणि या दृष्टीने पाहता त्याची रुंदी मुळीच अवाजवी ठरत नाही.

टेस्ट राइडचा आरंभ एका कायदेशीर विनोदाने होतो. ज्या वाहनाला लायसन्स लागत नाही, असे विक्रेत्याने नुकतेच तीन वेळा सांगितलेले असते, ते वाहन फेरीसाठी ताब्यात देण्यापूर्वी तोच विक्रेता ग्राहकाचे लायसन्स मागून घेऊन टेबलाच्या खणात ठेवतो. यात विसंगती अशी काही नाही, कारण खणात ठेवलेल्या लायसन्सचा वाहन चालवण्याशी संबंध नसून वाहन परत येण्याशी असतो. यापुढे ज्याला सोयीसाठी चाचणीस्वार म्हटले आहे तो ग्राहक त्यानंतर सीटवर बसतो, आणि ती सीट आदल्या फेरीतील एखाद्या उंच विद्यार्थ्याच्या मापाने वर केलेली असल्यामुळे त्याचे पाय जमिनीला जेमतेम अंगठ्यांपुरते टेकतात; ती खाली करून मागणे म्हणजे वयाची कबुली देणे होय, अशा समजुतीने तो काही बोलत नाही. हँडलवरील लहान पडद्यावर असिस्टचे, म्हणजे मोटरने पायांना किती जोड द्यावी याचे, एक ते पाच असे टप्पे असतात. ‘सर, सुरुवातीला एकवरच ठेवा,’ असे विक्रेता सांगतो, आणि चाचणीस्वार ‘हो, हो, चालवली आहे मी सायकल,’ असे म्हणत तीन करतो.

येथे पायडलच्या सेन्सरची माहिती द्यायला हवी. पायांच्या जोराला मोटरची जोड देण्याची पद्धत यामाहा कंपनीने १९९३ साली जपानमध्ये विक्रीस आणली, आणि तिच्यात पाय किती जोराने दाबला जातो हे मोजून त्या प्रमाणात मोटर चालवण्याची सोय होती. हा जोर मोजणारा सेन्सर महाग पडत असल्यामुळे स्वस्त सायकलींत त्याऐवजी पायडलच्या आसापाशी लोहचुंबकांची एक चकती बसवतात, जी पायडल फिरते आहे एवढेच जाणते, किती जोराने फिरते आहे ते जाणत नाही. यामुळे दोन गोष्टी घडतात. पहिली अशी, की पायडल थोडे फिरेपर्यंत मोटर स्वस्थ असते आणि मग एकदम जागी होते, त्यामुळे चाचणीस्वार अपेक्षेप्रमाणे जोर लावतो तेव्हा काहीच घडत नाही, आणि ‘बंद आहे का हो ही?’ असे मागे वळून विचारतो त्याच क्षणी मघाशी उल्लेखिलेला तृतीयांश घोडा त्याला शोरूमच्या पायरीवरून थेट पार्किंगमधील स्कूटरच्या रांगेकडे घेऊन जातो. ब्रेकच्या दांडीत मोटर बंद पाडणारा एक स्विच असतो आणि तोच बहुधा लाज राखतो. दुसरी गोष्ट अशी, की जोर न लावता पायडल नुसते गोल फिरवत राहिले तरी चकतीची पूर्ण फसगत होते, आणि म्हणून सरावलेला स्वार पाय मारण्याचा केवळ अभिनय करीत चढ चढू शकतो. पुण्याच्याच कायनेटिकची लूना १९७२ पासून पायडलसहित विकली जात होती आणि तिची पायडले गाडी सुरू झाल्यावर पाय ठेवण्याखेरीज फारशा कामाची नसत, हे ध्यानात घेता या अभिनयाची परंपरा शहरात आधीपासूनच रुजलेली होती, असे दिसून येईल.

सावरल्यावर जी दोनशे पावले सरळ रस्ता मिळतो, तेथे मात्र चेहऱ्यात जो पालट होतो, तो खरोखर पाहण्याजोगा असतो. पोट किंचित आत जाते, पाठ ताठ होते, आणि चाळीस वर्षांपूर्वी उतारावरून हात सोडून सायकल नेणारा मुलगा क्षणभर त्या चेहऱ्यावर येऊन जातो. जाड टायरच्या गोट्यांचा, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरील रबरी उंचवट्यांचा, डांबरावर एक सलग घरघराट होत असतो, जो मोटरच्या आवाजाहून मोठा असतो आणि ऐकणाऱ्याला फार मोठ्या यंत्राचा भास करून देतो. पहिला गतिरोधक आला की या सुखात थोडी भर पडते व थोडी घटही होते. शोरूममधील टायर उभ्या उभ्या चपटू नयेत म्हणून बहुधा कडक फुगवलेले असतात, किंवा कोणीतरी ते मोटरसायकलच्या सवयीने तीसच्या आसपास भरलेले असतात, आणि मग जो टायर धक्का गिळण्यासाठी प्रसिद्ध आहे, तो धक्का गिळण्याऐवजी चेंडूसारखा उसळून स्वाराला सीटपासून वेगळे करतो; उलट हवा फारच कमी असली, तर पुढचे चाक वळणावर स्वाराचे न ऐकता स्वतःच्या मताने वळू लागते, कारण पसरून टेकलेल्या रबराला जागेवर फिरवणे हे हाताला जड जाते. यांमधला योग्य दाब शोधून काढणे हे काम तासाभराचे आहे आणि टेस्ट राइड असते दहा मिनिटांची.

फेरीचा कळस सिग्नलला येतो. लाल दिव्याशी सायकल थांबताच शेजारच्या दुचाकीवरील मनुष्य प्रथम टायरकडे, मग स्वाराकडे, मग पुन्हा टायरकडे पाहतो आणि ‘केवढ्याला पडली?’ असे विचारतो. वस्तुतः ती कोणालाही पडलेली नसते. तरीही चाचणीस्वार, ज्याने अद्याप एक रुपयाही दिलेला नाही आणि ज्याचे लायसन्स या क्षणी दुसऱ्याच्या टेबलाच्या खणात आहे, तो मालकाच्या सहज सुरात उत्तर देतो, आणि विशेष म्हणजे शोरूमने सांगितलेल्या किमतीहून दोन-तीन हजार कमी सांगतो, कारण छापील किमतीला वस्तू घेणारा मनुष्य म्हणून अनोळखी माणसासमोर उभे राहण्याची त्याची तयारी नसते. दुसरा प्रश्न ‘किती देते?’ असा असून तो एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते याबद्दल असतो, आणि तिसरा ‘पळते किती?’ हा असतो. तिसऱ्याचे उत्तर ‘पंचवीस’ असे मिळताच विचारणाऱ्याचा चेहरा पडतो व दिवा हिरवा होऊन तो निघून जातो. मात्र या निराशेचीही सोय बाजारात आहे, कारण फेरीहून परतल्यावर एखाद्या दुकानात आवाज खाली आणून, कंट्रोलरमधील, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला मोजून देणाऱ्या पेटीतील, एक विशिष्ट वायर सुटी केली असता वेगाची मर्यादा उठते, असे सुचवले जाते. ती वायर सुटी केली की सायकल कायद्याच्या दृष्टीने सायकल राहत नाही आणि विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन बनते, ही माहिती तितक्याच दबक्या आवाजात दिली जात असल्याचे आढळत नाही.

परतलेल्या चाचणीस्वाराला सायकल आवडलेली असते. प्रश्न असा आहे, की त्याने तपासले काय. त्याने वेग घेतला, ब्रेक दाबला, घंटी वाजवली आणि एका अनोळखी माणसाचे कुतूहल मिळवले. परंतु पुढील पाच वर्षे ज्या गोष्टींशी गाठ पडणार आहे, त्यांपैकी एकही त्या दहा मिनिटांत त्याच्या वाटेला आलेली नसते. ३६ व्होल्ट व १० ॲम्पिअर-अवरची बॅटरी ३६० वॅट-अवर ऊर्जा साठवते, आणि नुसत्या मोटरवर जाड टायरची सायकल चालवताना दर किलोमीटरला १२ ते १५ वॅट-अवर खर्च धरला, तर हिशेब २४ ते ३० किलोमीटरांवर येऊन थांबतो. माहितीपत्रकातील आकडा याहून बराच मोठा असतो, कारण तो सपाट रस्त्यावर, असिस्ट एकवर ठेवून आणि बहुधा एखाद्या सडसडीत स्वाराकडून मिळवलेला असतो. अशा सायकलचे वजन २५ ते ३० किलो भरते, आणि बॅटरी संपल्यावर ते सगळे वजन, ते चार इंची टायर आणि तो निद्रिस्त घोडा स्वाराला स्वतःच्या पायांनी घरी न्यावा लागतो, तेव्हा नाकापेक्षा मोती जड या म्हणीचा अर्थ त्याच्या मांड्यांना उमगतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा मजला गाठायचा असल्यास अर्थ आणखी स्पष्ट होतो.

सर्वांत मोठी परीक्षा पंक्चरची असते, आणि ती शोरूममध्ये कोणी घेत नाही. झाडाखाली पाण्याचे घमेले मांडून बसलेला पंक्चरवाला साध्या सायकलची ट्यूब चाक न काढता बाहेर ओढतो, ठिगळ लावतो आणि दहा मिनिटांत मोकळा होतो. हबमध्ये मोटर असलेल्या मागच्या चाकातून जाडजूड वायर बाहेर आलेली पाहिल्यावर तो प्रथम हात पुसतो, मग सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घालतो आणि ‘शॉक नाही ना बसत?’ असे विचारतो. त्याची समजूत काढून ठिगळ लावून घेतले, तरी हवा भरणे उरतेच. टायरचे पोट मोठे असल्याने हातपंपाचे दट्टे मारून मारून तो घामाघूम होतो, आणि चाळीस-पन्नास हजारांच्या वस्तूवर बसणाऱ्या गृहस्थाकडून नेहमीचे पैसे घ्यावेत की वेगळे, याचा विचार करायला त्याला तेवढा वेळ पुरेसा असतो.

या साऱ्यातून न गेलेला चाचणीस्वार ‘घरी विचारून सांगतो’ असे म्हणून लायसन्स परत घेतो. इतका वेळ ‘सर’ म्हणणारा विक्रेता या वाक्यानंतर ‘ठीक आहे, काका’ म्हणतो, यावरून त्याला या वाक्याचा अनुभव किती आहे, हे कळून येते. क्वचित मात्र रविवारी खरोखरच घरचे माणूस बरोबर येते, आणि तेव्हा टेस्ट राइड या संस्थेला वेगळेच वळण लागते. काकू प्रथम सीट खाली करून मागतात. त्यानंतर पडद्यावर एक ठेवून त्या निघतात, पौड रस्त्याने चांदणी चौकाच्या दिशेच्या चढाला लागतात, आणि विक्रेता दहा मिनिटांनी फुटपाथवर, वीस मिनिटांनी रस्त्याच्या मध्यावर येऊन उभा राहतो. परत आल्यावर त्या सांगतात, की चढावर बॅटरीच्या पाच रेघांपैकी दोन गेल्या आणि वर थांबल्यावर एक परत आली, ती कशी? त्यावर मोटर जोरात वीज ओढत असताना बॅटरीचा व्होल्टेज तात्पुरता उतरतो, रेघा व्होल्टेज पाहूनच दाखवल्या जातात आणि भार कमी होताच तो पुन्हा थोडा वर येतो, असे खरे उत्तर देण्याऐवजी विक्रेता ‘मॅडम, ती स्मार्ट बॅटरी आहे,’ असे म्हणतो. काकू सायकलचे मागचे टोक दोन्ही हातांनी उचलून पाहतात आणि खाली ठेवतात, बॅटरी काढून घरात चार्ज करता येते का ते विचारतात, किल्लीने ती स्वतः काढून पुन्हा बसवतात, आणि पर्समधून टेप काढून हँडलची रुंदी मोजतात, जी लिफ्टच्या दारापेक्षा बोटभर कमी भरते. यजमान त्या वेळी शोरूमच्या काचेत टायरसह आपले प्रतिबिंब कसे दिसते, ते पाहत असतात. अखेरीस काकू हँडलच्या पुढील मोकळ्या जागेवर हात ठेवून येथे भाजीचे बास्केट बसेल का, असे विचारतात, आणि विक्रेता थोडा वेळ त्या अलास्काच्या बर्फासाठी जन्मलेल्या टायरकडे पाहून, बास्केट कंपनी देत नाही पण बसवून मिळेल, त्याचे साडेतीनशे वेगळे पडतील, असे सांगतो.